एनबीए आणि कॉलेज बास्केटबॉल: पैसे व रात्री खर्च करणाऱ्या एका प्रेक्षकाचे परीक्षण

जून महिन्यात एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा शेवटचा सामना संपला की ऑक्टोबरपर्यंत अमेरिकेतल्या बास्केटबॉलप्रेमीला हिशेब मांडण्याखेरीज फारसे काम उरत नाही. २०२४-२५ च्या हंगामात मी दोन्ही दुकानांतून माल घेतला: एनबीएचे सामने पाहण्यासाठी वर्षाची वर्गणी भरली, दोनदा प्रत्यक्ष स्टेडियममध्ये गेलो, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कॉलेजचे सामने, पुरुषांचे आणि महिलांचेही, घरी आणि जवळच्या एका कॉलेजच्या जिममध्ये जमतील तसे पाहिले. ज्यांना या दोहोंपैकी एकासाठीच वेळ किंवा पैसा काढता येणार आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

वीस वर्षांपूर्वी मला कोणी हा प्रश्न विचारला असता तर मी क्षणाचाही विचार न करता कॉलेजकडे बोट दाखवले असते. तेव्हा समजूत अशी होती की, कॉलेजची मुले चार वर्षे एकाच रंगाच्या जर्सीत डोळ्यांसमोर मोठी होतात आणि व्यावसायिक खेळाडू मात्र जिकडे चेक तिकडे जातो. ही समजूत तेव्हाही पूर्णपणे खरी नव्हती, पण आज तर ती नेमकी उलटी झाली आहे. एखादा खेळाडू ओळखीचा व्हावा, त्याच्या चुकाही आपल्याला पाठ असाव्यात, आणि पुढच्या वर्षी तो त्याच जागी दिसावा अशी ज्याची अपेक्षा असेल, त्याला ते सुख आता व्यावसायिक लीगमध्ये मिळण्याची शक्यता अधिक आहे. कॉलेजमध्ये उरला आहे तो मार्च महिना, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची बाद पद्धतीची स्पर्धा. तो अजूनही अप्रतिम आहे, परंतु तो एकच महिना आहे.

आधी खेळाबद्दल लिहितो, कारण शेवटी आपण पैसे मोजतो ते त्यासाठीच. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, बारा-बारा मिनिटांच्या चार क्वार्टरचा असतो आणि संघाला २४ सेकंदांत चेंडू बास्केटकडे फेकावा लागतो. पुरुषांच्या कॉलेज सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन अर्ध असतात आणि फेक करण्यासाठी ३० सेकंद मिळतात. कागदावर हा सहा सेकंदांचा फरक किरकोळ वाटतो, परंतु पाहणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो. या २४ सेकंदांमागचा हिशेब मला फार आवडतो. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले; एका संघाने चेंडू नुसता धरून ठेवला की बास्केटबॉल किती कंटाळवाणे होऊ शकते, याचा तो पुरावा होता. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी रंगतदार सामन्यांचा अभ्यास करून असे ठरवले की, चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा फेक करतात. सामन्याच्या २८८० सेकंदांना १२० ने भागले की २४ येतात. १९५४ मध्ये हे घड्याळ लागू झाले आणि त्याने लीग वाचवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कॉलेजच्या पुरुषांकडे हे फेकीचे घड्याळ, म्हणजे शॉट क्लॉक, आला तो १९८५-८६ च्या हंगामात आणि तोही ४५ सेकंदांचा. पुढे ३५ आणि २०१५-१६ पासून ३० असे करत तो खाली आला. तरीही तिथला बराचसा वेळ तीन-पॉइंट रेषेबाहेर (जिथून साधलेल्या फेकीला तीन गुण मिळतात) चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात जातो, प्रशिक्षक बाजूच्या रेषेवरून हातवारे करून प्रत्येक चाल सांगत असतात, आणि घड्याळात सात सेकंद उरले की एकदम धावपळ सुरू होते. त्यात भर म्हणजे एनबीएमध्ये बचाव करणारा खेळाडू कोणाला अडवत नसताना बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकटीत तीन सेकंदांहून जास्त थांबू शकत नाही; कॉलेजमध्ये तसा नियम नाही. त्यामुळे उंच मुले बास्केटखाली खांब रोवल्यासारखी उभी राहतात आणि चेंडू घेऊन आत शिरणाऱ्या गार्डला जागाच उरत नाही. याला कोणी शिस्तबद्ध डिफेन्स म्हणते. मला त्यात गर्दीच जास्त दिसते.

महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलने मात्र २०१५-१६ मध्येच दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर स्वीकारले आणि फाउलचा हिशेब प्रत्येक क्वार्टरला नव्याने सुरू होईल अशी व्यवस्था केली. परिणामी त्यांचा सामना पुरुषांच्या सामन्यापेक्षा अधिक वाहता असतो. पुरुषांच्या विभागाने अजूनही दोन अर्धांचाच हट्ट का धरावा, हे मला न उलगडलेले कोडे आहे. परंपरेचे कारण दिले जाते, पण शॉट क्लॉक, तीन-पॉइंट रेषेचे अंतर आणि कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या गटांचे, नकाशे बदलताना ती परंपरा कोणाला आठवली नव्हती.

एनबीएबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी की, सगळे नुसते तीन-पॉइंटर मारत सुटतात. या तक्रारीत तथ्य आहे. १९७९-८० मध्ये ही रेषा आली तेव्हा एक संघ एका सामन्यात सरासरी तीनसुद्धा असे प्रयत्न करत नव्हता. २०२४-२५ च्या हंगामात ती सरासरी सुमारे ३७ होती. एखाद्या मंगळवारी दोन्ही संघांचे नेम चुकू लागले की सामना म्हणजे रिंगवर चेंडू आपटण्याचा आवाज आणि लांब उडालेल्या रिबाउंडमागची धावाधाव एवढाच उरतो, हे मी नाकारत नाही. पण तक्रार करणारे एक गोष्ट विसरतात. बाहेरून नेम साधता येणारे चार खेळाडू मैदानावर असल्यामुळे मधली जी जागा मोकळी झाली आहे, तीत आज जे पासिंग चालते ते पूर्वी इतक्या प्रमाणात दिसत नव्हते.

डेन्व्हरचा निकोला योकिच याचे उदाहरण घ्या. तो फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर बास्केटकडे पाठ करून चेंडू घेतो आणि एका हाताने, फळवाल्याने कलिंगड तोलावे तसा, डोक्यावर धरून ठेवतो. दोन सेकंद काहीच घडत नाही. त्याच्या अंगावरचा बचावपटू त्याच्या खांद्याकडे पाहत असतो, कोपऱ्यातला बचावपटू आपल्या माणसावरची नजर अर्ध्या क्षणासाठी काढून चेंडूकडे वळवतो, आणि तेवढ्यात तो माणूस पाठीमागून बास्केटकडे निसटलेला असतो. चेंडू त्याच्या हातात पोहोचतो तेव्हा योकिच तिकडे पाहतही नसतो. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, ४१ व्या क्रमांकावर निवडलेला, फारशी उंच उडी न मारणारा हा माणूस २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॉलेजच्या सामन्यात अशी एक चाल पाहण्यासाठी मला संपूर्ण संध्याकाळ थांबावे लागते आणि बहुधा तीही दिसत नाही. यात त्या मुलांचा दोष नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडून तीस वर्षांच्या कारागिराच्या हाताची अपेक्षा करणे चूक आहे. पण परीक्षण मालाचे करायचे, तर माल कोणता सरस आहे याबद्दल शंका ठेवण्याचे कारण नाही.

आता एनबीएच्या मालातली खोट. ती ८२ सामन्यांच्या साखळी फेरीत आहे. ओक्लाहोमा सिटी थंडरने २०२४-२५ च्या हंगामात त्यांपैकी ६८ सामने जिंकले, आणि त्यातले अनेक विजय असे होते की तिसऱ्या क्वार्टरनंतर दोन्ही संघांचे प्रमुख खेळाडू टॉवेल गळ्यात अडकवून बसलेले दिसत. खेळाडूंना विश्रांती देण्याची प्रथा इतकी बोकाळली की २०२३-२४ पासून, किमान ६५ सामने न खेळणाऱ्याला मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी अपात्र ठरवणारा नियम करावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चालणारी चषक स्पर्धाही सुरू झाली. तिच्यामुळे काही मंगळवार-शुक्रवार जरा जागे झाले, पण त्यासाठी रंगवलेली ती भडक मैदाने टीव्हीवर पाहताना डोळे दुखतात, हेही नोंदवून ठेवतो.

या विश्रांतीचा फटका मला प्रत्यक्ष बसला. जानेवारीतल्या एका सामन्याचे तिकीट मी दोन महिने आधी घेतले होते, आणि ते पाहुण्या संघातल्या एकाच खेळाडूसाठी घेतले होते. तिकिटाची किंमत, त्यावर सेवाशुल्क, त्यावर आणखी कसलेतरी शुल्क, आणि वाहन उभे करण्याचे वेगळे पैसे असे मोजून आत गेल्यावर कळले की आदल्या रात्री दुसऱ्या शहरात सामना झालेला असल्यामुळे त्याला आज विश्रांती आहे. तो बाकाच्या टोकाला सुरेख शिवलेल्या सूटमध्ये बसला होता आणि सहकाऱ्यांच्या प्रत्येक चांगल्या खेळीला सर्वांआधी उठून टाळ्या वाजवत होता. माझ्या पुढच्या रांगेतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने त्याच्याच नावाची जर्सी घातली होती. पहिल्या क्वार्टरनंतर त्याने खेळाकडे पाहणे सोडले आणि मोठ्या पडद्यावर आपला चेहरा दिसतो का, याकडे लक्ष लावले. त्या खेळाडूच्या गुडघ्यांची काळजी घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. सामने ७२ केले आणि सलग दोन रात्री खेळवणे बंद केले, तर गुडघे आणि प्रेक्षक दोघांचीही सोय होईल. पण कमी झालेल्या दहा सामन्यांचे उत्पन्न कोणी सोडायचे, या प्रश्नाशी ती चर्चा दर वेळी थांबते.

घरी पाहण्याची व्यवस्थाही फार कौतुकाची नाही. मी वर्गणी भरलेली सेवा लीगमधले बहुतेक सगळे सामने दाखवते, मात्र आपल्या जवळच्या शहरातल्या संघाचे दाखवत नाही, कारण त्यांचे हक्क स्थानिक वाहिनीकडे असतात. राष्ट्रीय वाहिनीवर असलेला सामनाही तिथे थेट दिसत नाही. म्हणजे ज्या संघाचे आपण चाहते असण्याची शक्यता सर्वाधिक, नेमका तोच वगळून उरलेल्यांचे पैसे घेतले जातात. २०२५-२६ च्या हंगामापासून डिस्ने, एनबीसी आणि अॅमेझॉन यांच्याशी झालेला, ११ वर्षांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा नवा करार लागू झाला. एवढी रक्कम शेवटी कोणाच्या खिशातून निघणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

इतके सगळे असूनही, साखळीनंतरचे प्लेऑफ सुरू झाले की ही लीग आपले सगळे अपराध धुऊन काढते. २०२५ च्या अंतिम मालिकेचा पहिला सामना हा मी त्या वर्षी पाहिलेला सर्वोत्तम सामना होता. चौथ्या क्वार्टरमध्ये इंडियाना पेसर्स १५ गुणांनी मागे होते. शेवटच्या काही सेकंदांत थंडर ११०-१०९ असे पुढे असताना शे गिल्जस-अलेक्झांडरची फेक चुकली, पेसर्सने रिबाउंड घेतला, आणि प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी टाइमआउट मागितला नाही. एवढी एक गोष्ट न केल्यामुळे थंडरला आपला उत्तम डिफेन्स मांडायला वेळच मिळाला नाही. टायरिस हॅलिबर्टन उजवीकडून धावत आला, थांबला, उडाला. चेंडू जाळीतून खाली पडला तेव्हा घड्याळात ०.३ सेकंद उरले होते. संपूर्ण सामन्यात पेसर्स आघाडीवर होते ते तेवढाच वेळ. पुढे मालिका सात सामन्यांपर्यंत गेली, सातव्यात हॅलिबर्टनच्या पायाची अकिलिस शीर तुटली आणि थंडर विजेते ठरले. २०१९ पासून सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले आहेत. पूर्वी कधी दोन-तीन संघांचीच मक्तेदारी असलेल्या लीगसाठी ही मोठीच गोष्ट आहे.

कॉलेजच्या सामन्याला मात्र प्रत्यक्ष जावे, टीव्हीवर त्याचा अर्धाच भाग पोहोचतो. एनबीएच्या स्टेडियममध्ये चेंडू खेळात असतानाही लाउडस्पीकरवर संगीत वाजत राहते, टी-शर्ट उडवणाऱ्या तोफा येतात, निवेदक आपल्याला ओरडायला सांगतो. मी जातो त्या कॉलेजच्या जिममध्ये लाकडी बाके आहेत, विद्यार्थ्यांचा बँड बास्केटच्या मागे बसतो, आणि चेंडू खेळात आला की तो थांबतो. मग बुटांची चरचर ऐकू येते, स्क्रीन (वाट अडवायला येणारा प्रतिस्पर्धी) येत असल्याचे ओरडून सांगणारा उंच सेंटर ऐकू येतो, आणि प्रशिक्षक पंचांना काय म्हणतात तेही, जरा जास्तच स्पष्टपणे, ऐकू येते. ड्यूकचे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० चे आहे आणि त्यात साडेनऊ हजार माणसेही मावत नाहीत. कॅन्ससचे अॅलन फील्डहाउस १९५५ चे. अशा वास्तूंत खेळाचे वय जाणवते. जाता जाता सांगतो: १८९१ मध्ये हा खेळ शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ कॅन्ससचे पहिले प्रशिक्षक होते, आणि त्या विद्यापीठाच्या आजवरच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले तेच एकटे आहेत.

आणि मार्च. ६८ संघ, ६७ सामने, एकदा हरले की घरी. मालिकेत उत्तम संघाला सावरायला अवधी मिळतो. इथे एक वाईट संध्याकाळ पुरते. २०१८ मध्ये यूएमबीसी या मेरीलँडमधल्या लहान विद्यापीठाने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असे लोळवले. तोपर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत पहिले मानांकन असलेले संघ सोळाव्या मानांकनाविरुद्ध १३५ पैकी एकही सामना हरले नव्हते. आणि पुढच्याच वर्षी तोच व्हर्जिनिया, बहुतांशी तेच खेळाडू घेऊन, विजेता ठरला. अपमान झाला, मुले परत आली, त्यांनी तो पुसून टाकला: कॉलेज बास्केटबॉलची मोहिनी यात होती.

२०२५ चा अंतिम सामनाही मी श्वास रोखून पाहिला. सॅन अँटोनिओमध्ये ह्यूस्टन दुसऱ्या अर्धात १२ गुणांनी पुढे होता, तरी फ्लोरिडाने ६५-६३ अशी बाजी मारली. शेवटचा ताबा ह्यूस्टनकडे होता. इमॅन्युएल शार्प तीन-पॉइंट रेषेबाहेरून फेक करायला उडाला, तोच वॉल्टर क्लेटन त्याच्या अंगावर झेपावला. फेक अडवली जाणार हे दिसताच शार्पने चेंडू हातातून खाली सोडून दिला. आता तो स्वतः त्याला पहिल्यांदा हात लावू शकत नव्हता, कारण तसे केले असते तर ट्रॅव्हलिंगचा नियमभंग ठरला असता. चेंडू जमिनीवर टप्पे खात राहिला, शार्प त्याच्याकडे नुसता पाहत उभा, आणि फ्लोरिडाच्या अॅलेक्स कॉन्डनने त्यावर उडी घेतली. एक वर्षभराची मेहनत फेक न करताच संपली. जिंकण्यासाठी एकही प्रयत्न न होता राष्ट्रीय विजेतेपद निसटणे, यापेक्षा क्रूर शेवट मला सुचत नाही.

पण या विजेत्या संघाकडे नीट पाहा. त्याचे तीन मुख्य गार्ड होते क्लेटन, अलाइजा मार्टिन आणि विल रिचर्ड. क्लेटन आयोना विद्यापीठातून आला होता, रिचर्ड बेलमाँटमधून, आणि मार्टिन तर २०२३ मध्ये फ्लोरिडा अटलांटिककडून फायनल फोर (शेवटच्या चार संघांची फेरी) खेळून आला होता. तिघेही उत्तम खेळाडू, तिघांबद्दलही आदर आहे. परंतु लहान विद्यापीठांनी शोधलेली, घडवलेली मुले मोठ्या विद्यापीठाने गोळा करून करंडक जिंकावा, ही आता अपवादाची नव्हे तर नियमाची गोष्ट झाली आहे. हरलेल्या ह्यूस्टनचा जेवॉन रॉबर्ट्स मात्र त्याच विद्यापीठात सहावे वर्ष खेळत होता. अंतिम सामन्यात मी ह्यूस्टनच्या बाजूने होतो ते त्या एका माणसामुळे.

मी जातो त्या जिमच्या दाराशी खेळाडूंच्या यादीचा एक कागद मिळतो: क्रमांक, नाव, उंची, इयत्ता, आणि शेवटच्या रकान्यात गाव व आधीचे विद्यापीठ. पूर्वी तो शेवटचा रकाना बहुतेक गावांच्या नावांनीच भरलेला असे. गेल्या नोव्हेंबरमध्ये त्यात पंधरापैकी नऊ नावांपुढे दुसऱ्या विद्यापीठाचे नाव होते, दोघांपुढे दोन-दोन. ज्या बुटक्या डावखुऱ्या गार्डचे दोन वर्षे मी कौतुक करत होतो, तो यादीत नव्हता. फेब्रुवारीत टीव्हीवर तीन राज्ये पलीकडच्या एका संघातून खेळताना दिसला. बाकावर बसला होता, म्हणजे त्याचेही फार भले झाले असे म्हणवत नाही.

हे का घडले, ते लपलेले नाही. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षी एकदा विद्यापीठ बदलले तरी वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली, आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदलण्याची वाट मोकळी झाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना सर्व खेळांतल्या खेळाडूंना मिळून २०२५-२६ या वर्षात २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटण्याची मुभा मिळाली. मुलांना पैसे मिळू नयेत असे म्हणणाऱ्यांत मी नाही. प्रशिक्षक लाखो डॉलर घेणार, करार मोडून दुसऱ्या विद्यापीठात जाणार, आणि ज्याच्या घामावर हे चालते त्या मुलाने शिष्यवृत्तीवर समाधान मानावे, हा न्याय फार वर्षे चालला आणि तो मोडला हे बरेच झाले. माझी तक्रार वेगळी आहे: पगार आला, पण पगाराबरोबर येणारा करार आला नाही. जगातल्या कोणत्याही व्यावसायिक संघात पैसे घेणारा खेळाडू ठरावीक मुदतीसाठी बांधलेला असतो. इथे जवळजवळ प्रत्येक खेळाडू दर वसंत ऋतूत पुन्हा बाजारात उभा.

१९९२ मधला केंटकी विरुद्ध ड्यूक हा सामना आठवणाऱ्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ग्रँट हिलचा मैदानभर लांब पास, घड्याळात २.१ सेकंद, क्रिश्चियन लेटनरची फेक आणि १०४-१०३. ते चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. पण केंटकीच्या त्या संघात शेवटच्या वर्षाचे चार खेळाडू होते, ज्यांनी विद्यापीठावर दोन वर्षांची स्पर्धाबंदी आलेली असतानाही संघ सोडला नव्हता. ते हरले, आणि तरीही विद्यापीठाने त्या चौघांच्या जर्सी लगेच छताला टांगल्या. जिंकणारा लेटनरही ड्यूकमध्ये चौथ्या वर्षाला होता. आजच्या नियमांत त्या चौघांनी काय केले असते, हे मी सांगू शकत नाही, आणि त्यांनी दुसरी वाट धरली असती तर मी दोषही दिला नसता. पण मग तो सामना एवढा लागला नसता. उलट उदाहरण २०२२ चे: जर्सी सिटीचे चिमुकले सेंट पीटर्स पंधरावे मानांकन असून शेवटच्या आठांत पोहोचले, आणि काही आठवड्यांत प्रशिक्षक दुसऱ्या विद्यापीठात गेले व मुख्य खेळाडूंपैकी बरेच जण पांगले. परीकथेचा दुसरा भाग लिहायला कोणी उरलेच नाही.

२०२५ मध्ये शेवटच्या सोळांत मोठ्या, श्रीमंत कॉन्फरन्सबाहेरचा एकही संघ नव्हता आणि फायनल फोरमधले चारही संघ आपापल्या विभागातले अव्वल मानांकित होते. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये हे खरे, पण ज्या मार्चसाठी मी कॉलेजचा उरलेला संथपणा सहन करतो, तो मार्चही असाच होत गेला तर तक्रारीचा अर्ज पुन्हा लिहावा लागेल.

आता याच मापाने एनबीएकडे पाहा. स्टेफ करी २००९ पासून गोल्डन स्टेटमध्ये आहे. यानिस आंटेटोकूंपो २०१३ पासून मिलवॉकीत. योकिच डेन्व्हरमध्येच. पहिल्या फेरीत निवडलेला नवा खेळाडू आपल्या पहिल्या करारात चार वर्षांपर्यंत त्या संघाशी बांधलेला असू शकतो. म्हणजे ज्या चार वर्षांसाठी आपण कॉलेजवर प्रेम करत होतो, ती चार वर्षे आता इथे सापडतात. अर्थात संघ खेळाडूला विकू शकतो, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिचला मध्यरात्री लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवले तेव्हा त्या शहराला बसलेला धक्का मला परक्यालाही जाणवला. त्यानंतर सोडतीत केवळ १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला ड्राफ्टमधली पहिली निवड मिळाली आणि ड्यूकचा कूपर फ्लॅग तिथे गेला, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. पण अशा अदलाबदलीने लोक हादरतात याचाच अर्थ असा की, ती रोज घडत नाही. कॉलेजमध्ये एप्रिलमध्ये अर्धा संघ निघून गेला तर आता कोणी भुवईही उंचावत नाही.

महिलांच्या खेळाबद्दल वर दोन ओळी लिहिल्या, त्या पुरेशा नाहीत. केटलिन क्लार्क आयोवा विद्यापीठात चार वर्षे राहिली, ३९५१ गुण केले, आणि लोक तिच्याबरोबर वाढत गेले. २०२४ चा तिचा शेवटचा सामना, साउथ कॅरोलायनाविरुद्धची अंतिम लढत, सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली, तर त्याच वर्षीची पुरुषांची अंतिम लढत सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. असे पहिल्यांदाच घडले. तिचे लांबून साधलेले नेम हे एक कारण होतेच, पण माझ्या मते दुसरे कारण असे की, ती दर वर्षी त्याच जर्सीत परत येत होती. बदल्यांचे वारे महिलांच्या विभागातही वाहू लागले आहे. अजून तिथे ओळखीचे चेहरे जास्त दिसतात एवढेच.

ज्यांना खरेदीचा सल्ला हवा आहे त्यांच्यासाठी: एनबीएची वर्षाची वर्गणी ऑक्टोबरमध्ये उत्साहाच्या भरात भरू नका. प्लेऑफचे सामने बहुतेक राष्ट्रीय वाहिन्यांवरच असतात, आणि साखळी फेरीतले जे पाहण्यासारखे असते ते फेब्रुवारीनंतर कमी पैशांत पाहता येते. प्रत्यक्ष सामन्याला जायचे असेल तर आदल्या रात्री दोन्हींपैकी कोणताही संघ खेळलेला नाही, हे वेळापत्रकात पाहूनच तिकीट घ्या. कॉलेजच्या पुरुषांचा सामना टीव्हीवर मार्चपूर्वी पाहण्याचा आग्रह मी कोणाला करणार नाही. मार्चमध्ये मात्र स्पर्धेच्या पहिल्या गुरुवारी आणि शुक्रवारी शक्य असल्यास रजा टाका. जिमचा अनुभव घ्यायचा तर जानेवारीतला, जवळच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा सामना निवडा, आणि बँडच्या समोरच्या बाजूला बसा.

मी स्वतः एनबीएची वर्गणी या वर्षी फेब्रुवारीपर्यंत भरणार नाही. कॉलेजचा हंगामी पास मात्र कालच घेतला, महिला संघाचा. त्यांच्या पहिल्या पाचातल्या चौघी परत आल्या आहेत.